माध्यमाचा घट्टपणा आधी मोजावा, काटकसर नंतर करावी

मे महिन्यात लखनौच्या कानपूर रस्त्यावरील सरोजिनी नगर तालुक्यात पश्चिमेकडून ‘लू’ वाहू लागते, तेव्हा हवेतील ओलावा जवळजवळ नाहीसा होतो. त्याच दिवसांत जळगाव, रावेर, यावल परिसरातही उन्हाचा कहर चालू असतो. उत्तर प्रदेशातील केळीची जून-जुलैमधील लागवड असो वा खानदेशातील मृगबाग, दोन्हींसाठी लागणारी उतिसंवर्धित रोपे नेमकी याच काळात शेडनेटमध्ये दृढीकरणाच्या टप्प्यात असतात. काही तुकड्या तग धरतात, तर काही तुकड्यांतील रोपे दोन-तीन दिवसांत माना टाकतात. मग दोष कधी उन्हाला, कधी पाण्याला, कधी शेडनेटच्या टक्केवारीला आणि शेवटी शेतकऱ्याला दिला जातो. रोप ज्या जेलीवर वाढले, तिच्यापर्यंत चौकशी क्वचितच पोहोचते.

वास्तविक बाहेरच्या हवेत रोप किती टिकेल, याचा काही भाग त्याआधीच, प्रयोगशाळेतील बरणीत ठरलेला असतो. बरणीतील माध्यम किती घट्ट बसले होते, त्यातून रोपाला पाणी किती सहज मिळत होते आणि त्या सवयीने रोपाची पाने कशी घडली, यांवर पुढील जगण्याची तयारी अवलंबून असते. अगर महाग झाल्यामुळे माध्यमात त्याचे प्रमाण घटविण्याकडे किंवा त्याच्या जागी स्वस्त पर्याय वापरण्याकडे आज अनेक प्रयोगशाळांचा कल दिसतो. काटकसरीला हरकत असण्याचे कारण नाही. मात्र घट्टपणा न मोजता केलेली काटकसर बरणीत पैसे वाचविते आणि त्याचा भार शेतकऱ्याच्या शेडनेटवर टाकते.

जेलीचे काम केवळ आधाराचे नाही

गोठविणारा घटक रोपाला केवळ उभे धरतो, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात जेलीचे जाळे पाणी धरून ठेवते आणि ते किती ओढीने धरून ठेवते, यावर रोपाला मिळणारे पाणी व क्षार अवलंबून असतात. जाळे विरळ असेल तर पाणी मुबलक व सहज मिळते. फुटवे भराभर येतात, उंची वाढते आणि बरणी भरलेली दिसते. परंतु अशा रोपांत पेशींच्या मधल्या जागाही पाण्याने भरतात. पाने जाड, ठिसूळ व अर्धपारदर्शक होतात, पृष्ठभागावरील मेणाचा थर पातळ राहतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. उतिसंवर्धनात हीच ‘काचेरी’ रोपे म्हणून ओळखली जातात. शंभर टक्के आर्द्रतेच्या बरणीत ती टवटवीत दिसतात. कोरड्या वाऱ्यात मात्र मिटू न शकणाऱ्या रंध्रांतून त्यांचे पाणी काही तासांत निघून जाते.

बेल्जियममधील संशोधक पिएर डेबर्ग यांनी 1980च्या दशकाच्या आरंभी आर्टिचोक या भाजीपिकावर काम करताना अगरचे प्रमाण आणि त्याचा ब्रँड या दोहोंचा काचेरीपणाशी असलेला संबंध दाखवून दिला. अगर वाढविले की काचेरी रोपे कमी होत, पण फुटव्यांची संख्याही घटे. अतिघट्ट माध्यमात पाणी, क्षार व संप्रेरके यांचा पुरवठा मंदावतो, मुळे जेलीत शिरत नाहीत आणि वाढ खुंटते. म्हणजे प्रश्न ‘जितके घट्ट तितके चांगले’ असा नसून पीक, वाण आणि टप्पा यांनुसार योग्य मर्यादा शोधण्याचा आहे.

कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळांना हा धडा वेगळ्या वाटेने मिळाला आहे. घाटे अळीवर वापरल्या जाणाऱ्या एचएएनपीव्ही या विषाणूजन्य कीटकनाशकाच्या निर्मितीसाठी अळ्या हरभऱ्याचे पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वे आणि अगर यांच्या कृत्रिम खाद्यावर वाढविल्या जातात. या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र कप्पा व खाद्याचा स्वतंत्र तुकडा द्यावा लागतो. खाद्य सैल बसले तर नवजात अळी त्यावरील ओलाव्यात चिकटून मरते. फार घट्ट बसले तर तिचे कोवळे जबडे ते कुरतडू शकत नाहीत. अन्नघटक तेच असूनही केवळ बसणीतील फरकाने अळ्यांची एक संपूर्ण तुकडी हातची जाते. म्हणूनच खाद्याची बसण तपासल्याशिवाय अळ्या सोडू नयेत, हा तेथला साधा नियम. रोपांच्या बाबतीत तितकी दक्षता का नसावी?

ग्रॅम सारखे, बसण निराळी

अगर प्रयोगशाळेत आला तोच घट्टपणाच्या अडचणीतून. 1881च्या सुमारास जर्मनीत वाल्टर हेसे हे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना जिलेटिनची माध्यमे उन्हाळ्याच्या उष्म्यात पातळ होत. शिवाय काही जीवाणू जिलेटिनच खाऊन टाकीत. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी फळांच्या जेलीसाठी अगर वापरीत असत. त्यांनीच तो सुचविला. अगर सुमारे 85 अंश सेल्सिअसपुढे वितळतो आणि थंड होताना 40 अंशांच्या खाली आल्यावर गोठतो. वितळण्याच्या व गोठण्याच्या तापमानांतील या मोठ्या अंतरामुळे गेली सुमारे 140 वर्षे त्याची जागा टिकून आहे.

तथापि अगर हे एकच एक रसायन नव्हे. ते सागरी शैवालापासून मिळते. भारतात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखातात गोळा होणारे जेलिडिएला हे शैवाल त्यासाठी वापरले जाते. गोठण्याचे मुख्य काम अगरमधील अगरोज हा भाग करतो, तर अगरोपेक्टिन त्यात फारशी मदत करीत नाही. शैवालाची जात, गोळा करण्याचा हंगाम आणि शुद्धीकरणाची पद्धत यांनुसार या दोन भागांचे प्रमाण बदलते, त्यात राहिलेले क्षारही बदलतात. त्यामुळे एका ब्रँडचे लिटरला 7 ग्रॅम जी बसण देतात, तीच दुसऱ्या ब्रँडच्या 7 ग्रॅममधून मिळेल याची हमी नसते. एकाच ब्रँडच्या दोन लॉटमध्येही फरक पडू शकतो. पाककृतीत लिहिलेले ‘6 ते 8 ग्रॅम’ हे प्रमाण म्हणून केवळ आरंभबिंदू मानावे.

अगरबरोबर शिजणारे इतर घटकही बसण ठरवितात. त्यांत पहिला क्रमांक सामूचा. मुराशिगे व स्कूग यांनी 1962 साली मांडलेल्या आणि आज सर्वत्र रूढ असलेल्या एमएस माध्यमाचा सामू ऑटोक्लेव्हपूर्वी 5.7 ते 5.8 ठेवतात. 121 अंशांच्या उष्णतेत तो आणखी उतरतो. सामू 5च्या खाली गेला तर आम्लता व उष्णता मिळून अगरच्या साखळ्या तोडतात आणि माध्यम खिरीसारखे राहते. ऑर्किडच्या माध्यमात केळ्याचा गर किंवा नारळपाणी घालतात, काही ठिकाणी सायट्रिक किंवा अॅस्कॉर्बिक आम्ल वापरतात. अशा वेळी हे घटक मिसळून झाल्यानंतरच सामू जुळविणे आवश्यक ठरते. सक्रिय कोळसाही सामू हलवितो.

दुसरा घटक उष्णतेचा काळ. लहान बरण्यांना 15 ते 20 मिनिटे पुरतात. मोठ्या चंबूत भरलेल्या माध्यमाचा मध्यभाग तापण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून वेळ वाढविला जातो आणि कडेचा अगर गरजेपेक्षा जास्त शिजतो. एकदा गोठलेले माध्यम पुन्हा पुन्हा वितळविले तरी बसण ढिली होते. तिसरी चूक ढवळण्याची. अगर पूर्ण न विरघळविता बरण्या भरल्या, तर पहिल्या बरण्यांत पातळ पाणी आणि शेवटच्या बरण्यांत घट्ट वडी, असा प्रकार होतो. मग एकाच दिवशी, एकाच पाककृतीने केलेल्या माध्यमावरील रोपे एकसारखी का नाहीत, याचे कोडे पडते.

गेलन: कमी ग्रॅम, अधिक अटी

जीवाणूंच्या किण्वनातून मिळणारा गेलन गम अनेक प्रयोगशाळांत अगरची जागा घेत आहे. लिटरला 2 ते 3 ग्रॅम पुरतात. जेली काचेसारखी स्वच्छ असल्याने मुळे दिसतात आणि जंतुसंसर्ग लवकर लक्षात येतो. परंतु गेलनची बसण त्याच्या स्वतःच्या ग्रॅमइतकीच माध्यमातील कॅल्शियम व मॅग्नेशियमवर अवलंबून असते. पूर्ण एमएस माध्यमात लिटरला 440 मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि 370 मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट असते. मुळे फुटण्याच्या टप्प्यासाठी अनेक पिकांत क्षार निम्मे केले जातात. तेव्हा गेलनचे ग्रॅम तेच ठेवले तरी जेली ढिली बसते. उलट क्षार मर्यादेबाहेर वाढले तर जेली ठिसूळ होऊन तडकते. पाण्याचा स्रोत बदलला, जड पाणी वापरले गेले, तरी परिणाम दिसतो. शिवाय गेलनवर काही पिकांत काचेरी रोपांचे प्रमाण अगरपेक्षा जास्त आढळते. अगरकडून गेलनकडे जाणे म्हणजे डब्यावरील नाव बदलणे नव्हे; क्षारांच्या हिशेबासह माध्यम नव्याने जुळवावे लागते.

देशी पर्याय: स्वागत, पण कसोटीवर

काटकसरीमागील कारण खरे आहे. अगर हा माध्यमातील सर्वांत महाग घटकांपैकी एक आहे आणि त्याचा पुरवठा निसर्गावर अवलंबून आहे. 2015 साली मोरोक्कोने शैवालाच्या निर्यातीवर मर्यादा घातली, तेव्हा जगभरातील प्रयोगशाळांना तुटवडा व भाववाढ सोसावी लागली. त्याआधी, 2004 साली अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त विभागाने विकसनशील देशांसाठी अल्पखर्चिक उतिसंवर्धनाचे मार्ग संकलित केले. त्यात गोठविणाऱ्या घटकांवरील खर्च हा ठळक विषय होता.

या दिशेने भारतात मोलाचे काम झाले आहे. दिल्ली विद्यापीठात एस. बी. बब्बर आणि सहकाऱ्यांनी 1998 साली इसबगोल आणि पुढे 2005 साली गवार गम हे अगरचे पर्याय म्हणून तपासले. इसबगोलावर जांभूळ व धोत्रा यांचे संवर्धन त्यांनी यशस्वी करून दाखविले. इसबगोल गुजरात व राजस्थानात पिकते, उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे; लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याचे वाण दिले आहेत. गवार तर राजस्थानचे नगदी पीक. म्हणजे कच्चा माल शेतकऱ्याच्या शेतातला आणि पक्का माल पुन्हा शेतकऱ्याच्या रोपासाठी, असे हे चक्र पूर्ण होऊ शकते.

तरीही मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. इसबगोल व गवार गम यांना अगरच्या कित्येक पट अधिक भुकटी लागते. त्यामुळे किलोच्या भावाची तुलना फसवी ठरते; तुलना एक लिटर माध्यमाच्या खर्चाची हवी. इसबगोलाचे माध्यम गरम असतानाच चटकन भरावे लागते, नाहीतर भांड्यातच बसते. साबुदाणा, मका किंवा टॅपिओका यांच्या स्टार्चची जेली गढूळ असते. तिच्यात लपलेला जंतुसंसर्ग उशिरा दिसतो आणि कालांतराने ती ढिली पडून पाणी सोडू शकते. या उणिवेवर उपाय म्हणून 1990च्या दशकात अमेरिकेत मक्याच्या स्टार्चमध्ये थोडा गेलन मिसळून सफरचंद, नाशपाती व रास्पबेरी यांची रोपे वाढविण्यात आली. मिश्रणाचा हा मार्ग भारतीय पिकांसाठीही तपासण्याजोगा आहे. परंतु बाजारातील खाद्य प्रतीची भुकटी थेट व्यापारी बरणीत घालणे म्हणजे प्रयोग शेतकऱ्याच्या खर्चाने करणे होय.

यावर एक आक्षेप घेतला जातो. द्रवरूप माध्यमात आणि तात्पुरत्या बुडवणीच्या संयंत्रांत जेली मुळीच नसते, तरी केळी व उसाची रोपे तयार होतात. मग घट्टपणाला इतके महत्त्व का? या पद्धतीत रोप सतत पाण्यात नसते. ठरावीक मिनिटे बुडवून पुढील काही तास ते हवेत ठेवले जाते. जेली जे काम गप्पपणे करते, ते येथे घड्याळ लावून केले जाते. म्हणजे पाण्याचे नियंत्रण तेथेही आहेच. ढिल्या जेलीत मात्र ना जाळ्याचे नियंत्रण असते, ना घड्याळाचे. त्यामुळे हा आक्षेप मूळ मुद्द्याला बळच देतो.

काय व्हावे

पहिली अपेक्षा प्रयोगशाळांकडून आहे. घट्टपणा मोजण्यासाठी महागडे यंत्र असलेच पाहिजे असे नाही. माध्यम भरल्यानंतर 24 तासांनी, ठरावीक तापमानाला, ठरावीक वजनाची गोल टोकाची काचदांडी जेलीवर टेकवून ती ठरावीक वेळेत किती मिलिमीटर रुतते, याची नोंद ठेवता येते. बरणी 45 अंशांत कलती करून जेली सरकते का, कडेला पाणी सुटते का, हेही पाहता येते. ही मापे दोन प्रयोगशाळांच्या तुलनेसाठी पुरेशी नसतील. परंतु स्वतःच्या मागील लॉटशी तुलना करण्यास पुरतात. नोंदवहीत गोठविणाऱ्या घटकाचा ब्रँड व लॉट क्रमांक, ग्रॅम, ऑटोक्लेव्हपूर्वीचा व नंतरचा सामू, उष्णतेचा काळ आणि रुतण्याचे माप असावे. नवा लॉट किंवा नवा पर्याय जुन्याच्या बरोबरीने निदान 3 उपसंवर्धने चालवावा आणि निर्णय बरणीतील फुटवे मोजून न करता दृढीकरणानंतर जिवंत राहिलेली रोपे मोजून करावा. फुटवे अधिक आणि जगलेली रोपे कमी, असा हिशेब नफ्याचा नसतो.

दुसरी अपेक्षा प्रमाणीकरणाकडून. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागामार्फत 2006 पासून उतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था आहे. रोपे विषाणुमुक्त आहेत का आणि मातृवाणाशी जनुकीयदृष्ट्या एकरूप आहेत का, यांवर तिचा भर आहे. हा भर योग्यच आहे. केळीत मावा किडीमार्फत पसरणारे विषाणू पाहता तो आणखी कडक व्हावा. परंतु विषाणुमुक्त रोपही काचेरी असू शकते. तुकडीच्या कागदपत्रांत माध्यमाच्या लॉटची नोंद आणि दृढीकरणातील मरतुकीची टक्केवारी जोडली गेली, तर फार मोठा खर्च न वाढता दोष कुठे निर्माण झाला ते मागे जाऊन शोधता येईल. आज रोपे मेल्यानंतर शेतकऱ्याच्या हाती पुरावा म्हणून फक्त सुकलेली रोपे उरतात.

तिसरी अपेक्षा कृषी विद्यापीठे व संशोधन संस्थांकडून. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने देशातील उतिसंवर्धनाचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने उसाचे मूलभूत बेणे या तंत्राने उपलब्ध केले. जळगावात जैन इरिगेशनने ग्रँड नैन केळीची रोपे शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेली. अशी परंपरा असलेल्या राज्यात केळी, ऊस व डाळिंबासाठी देशी गोठविणाऱ्या घटकांची पीकनिहाय, टप्पानिहाय शिफारस असावी. इसबगोल, गवार गम व स्टार्च-गेलन मिश्रणे यांची उतिसंवर्धन प्रतीची, लॉटनिहाय तपासलेली भुकटी बाजारात आली, तर छोट्या प्रयोगशाळांची काटकसर सुरक्षित होईल.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका येथे कळीची आहे. रोपांची मागणी नोंदविताना वाण, दर व पुरवठ्याची तारीख विचारली जाते. तिच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत: दृढीकरणात किती टक्के रोपे टिकली, आणि माध्यमातील गोठविणारा घटक अलीकडे बदलला आहे का. रोपे उतरवून घेताना पाने प्रकाशात धरून पाहावीत. पान काचेसारखे आरपार दिसत असेल, बोटांत दाबताच कडकन तुटत असेल, देठ फुगीर व पाणीदार असेल, तर ती तुकडी वेगळी ठेवून पुरवठादारास तत्काळ कळवावे. अशी रोपे थेट लू किंवा वैशाखाच्या उन्हात नेऊ नयेत. पुरवठादाराने ती परत घ्यावीत, आणि नियमित पुरवठ्याच्या करारात तशी अट आधीच लिहून घ्यावी.

रोपामागे वाचलेले काही पैसे प्रयोगशाळेच्या ताळेबंदात दिसतात. शेडनेटमध्ये मेलेल्या रोपामागे मात्र रोपाची किंमत, खड्डा, खत, ठिबकचे पाणी, नांगी भरण्याची मजुरी आणि मागे पडलेल्या झाडाचा उशिरा निसवणारा घड एवढे सगळे जाते, आणि ते केवळ शेतकऱ्याच्या वहीत नोंदले जाते. या दोन वह्यांचा मेळ घालायचा असेल, तर सुरुवात बरणीतील जेलीत दांडी किती रुतते, हे मोजून लिहिण्यापासून करावी लागेल.